‘आमेर’मधली टिकटिक

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ‘आमेर’ हा फ्रेंच थ्रिलर पाहिला. दीड तासात माणसं जेमतेम बोलतात. गोष्ट हाती लागत नाही, खून कोण करतंय तेही धड कळत नाही. सगळे म्हणतात, ही जुन्या इटालियन भयपटांना दिलेली मानवंदना आहे. ते चित्रपट मी पाहिलेले नाहीत. मग माझ्यासारख्याला यात काय मिळणार? आणि मानवंदना म्हणजे शेवटी नक्कलच ना?

मी पंचवीसएक वर्षं चित्रपटांच्या आवाजाचं काम करतोय. आधी डबिंग थिएटरात मदतनीस, मग फोली (पावलं, कापड, दारं असे आवाज चित्राबरहुकूम स्टुडिओत करायचं काम), मग साउंड एडिटिंग. म्हणून माझं उत्तर आवाजाच्या बाजूने येणार, आणि या चित्रपटापुरती तीच बाजू मुख्य आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही गोष्ट संवादांत शोधलीत. ती ठेवलेली आहे टिकटिकीत, श्वासात आणि चामड्याच्या करकरीत. एकदा ती तिथे ऐकू आली की पुन्हा हरवत नाही.

नावापासूनच सुरुवात करू. जयपूरच्या किल्ल्याशी याचा काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘आमेर’ म्हणजे कडू. पण हाच शब्द दर्यावर्दी लोक वेगळ्या अर्थाने वापरतात: समुद्रातून दिसणारी किनाऱ्यावरची ठळक खूण, जिच्यावरून होडीची दिशा धरायची. शिवाय फ्रेंच कानाला त्यात ‘मेर’ ऐकू येतं. मेर म्हणजे समुद्र आणि मेर म्हणजे आईसुद्धा; लिहायला वेगळं, ऐकायला एकच. चित्रपटात आहे काय? समुद्रकाठची एक हवेली, एक आई, एक मुलगी आणि तोंडात रेंगाळणारी कडवट चव. दिग्दर्शकांनी हे सगळं मुद्दाम योजलं असेल की नसेल, आवाजात काम करणाऱ्या माणसाला मात्र त्या नावातच अख्खा चित्रपट ऐकू येतो.

चित्रपट २००९ चा, बेल्जियम आणि फ्रान्सने मिळून केलेला. दिग्दर्शन एलेन कात्ते आणि ब्रुनो फोर्झानी या जोडीचं. दोघं जन्माने फ्रेंच, राहतात ब्रसेल्समध्ये. त्याआधी काही वर्षं त्यांनी थोड्या पैशांत लघुपट केले होते. ‘आमेर’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. कॅमेरा मानू दाकोस यांचा. चित्रीकरण झालं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मांतों या गावी. हे फोर्झानींचं जन्मगाव, इटलीच्या सीमेला अगदी खेटून. सीमा ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने तीसएक किलोमीटर गेलं की सान रेमो लागतं. जुन्या इटालियन भयपटांचे दिग्दर्शक मारिओ बाव्हा १९१४ मध्ये जन्मले ते तिथे. ज्या माणसाचं ऋण या चित्रपटावर सर्वांत मोठं आहे, तो त्याच किनाऱ्यावरचा.

हवेलीत आना नावाची एक मुलगी वाढते. चित्रपटाचे तीन भाग आहेत: लहान आना, वयात येणारी आना आणि बऱ्याच वर्षांनी ओसाड घरी परतलेली प्रौढ आना. तीन वेगवेगळ्या अभिनेत्री आहेत: कासांद्रा फोरे, शार्लोत यूजेन-गिबो आणि मारी बॉस. कथानक म्हणाल तर एवढंच. पहिल्या भागात घरात आजोबांचा मृतदेह ठेवलेला आहे. त्यांच्या हातात एक खिशातलं घड्याळ आहे आणि मुलीला ते हवंय. शेजारच्या खोलीत काळ्या बुरख्यातली एक बाई आहे, जिचं मुलीला भयंकर भय वाटतं. दाराच्या किल्लीच्या भोकातून कोणीतरी बघतंय. मुलगी पळते, दारं उघडते, लपते, आणि जे बघायला नको तेही तिच्या नजरेला पडतं.

आता हा पहिला भाग कुठून आला ते सांगतो, म्हणजे नकलेचा प्रश्न नीट हाताळता येईल.

१९६३ मध्ये बाव्हांनी तीन स्वतंत्र गोष्टींचा एक चित्रपट केला. इटालियन नावाचा अर्थ ‘भीतीचे तीन चेहरे’. त्यातली शेवटची गोष्ट आहे ‘पाण्याचा थेंब’. एका नर्सला रात्री बोलावणं येतं. आत्म्यांना बोलावणारी एक म्हातारी वारली आहे, तिच्या प्रेताला कपडे घालायचे आहेत. नर्स प्रेताच्या बोटातली अंगठी काढून घेते. तेवढ्यात पेला लवंडतो, पाणी ठिबकायला लागतं आणि एक माशी घोंघावत त्या बोटावर येऊन बसते. नर्स घरी जाते, पण थेंब आणि माशी तिची पाठ सोडत नाहीत. वीसेक मिनिटांच्या त्या गोष्टीत भीतीचं मुख्य काम दोन आवाजच करतात. खिडकीबाहेरून हिरवे-जांभळे दिवे लुकलुकत राहतात. नर्सचं काम करणारी जाकलीन प्येरो फ्रेंच होती; फ्रेंच नवलाटेतला, म्हणजे साठच्या दशकातल्या नव्या वळणाच्या फ्रेंच चित्रपटांतला, प्रसिद्ध नट झाँ-प्येर लेओ हा तिचा मुलगा. फ्रेंच आणि इटालियन भयपटांचं हे असं येणं-जाणं तेव्हापासूनच आहे.

‘आमेर’मध्ये अंगठीच्या जागी घड्याळ आहे. मेलेल्या माणसाच्या हातातून वस्तू घ्यायची आणि मग तिचा आवाज आपल्या मागे लागायचा, हा प्रसंग सरळ बाव्हांचा आहे, आणि दिग्दर्शकांनी तो लपवलेलाही नाही. पण एक गोष्ट बदलली आणि तिथे सगळंच बदललं. बाव्हांची नर्स चोर आहे, तिला शिक्षा होते, हिशेब पुरा होतो. आना लहान मूल आहे. तिला मृत्यू म्हणजे काय तेच कळत नाही. हात गार का आहे, बोटं सुटत का नाहीत, मोठी माणसं कुजबुजतायत का, यातलं काहीच तिला कोणी सांगत नाही. म्हणून तिचं सगळं शहाणपण कानात आणि कातडीत आहे. माझ्या आजोळी आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. माजघरातल्या घड्याळाचा लंबक कोणीतरी थांबवला आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, ते मात्र आजही आठवतं. ‘आमेर’चा पहिला भाग नेमका त्या जागी बोट ठेवतो. बाव्हांची गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसालाही तो लागू पडतो तो यामुळेच.

थोडी पार्श्वभूमी देतो, लांबवत नाही. इटलीत मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथांची एक माला काढली. तिची मुखपृष्ठं पिवळी असायची. पिवळ्याला इटालियनमध्ये ‘जाल्लो’ म्हणतात, आणि हळूहळू रहस्यकथेलाच तिथे जाल्लो म्हणायला लागले. पुढे चित्रपटांत त्याचा एक खास घाट तयार झाला: काळे हातमोजे घातलेला, चेहरा न दिसणारा खुनी, हातात वस्तरा, मोठी सुंदर घरं, भडक रंगांचे दिवे, लडिवाळ संगीत, आणि पाहिलेलं पण न उमगलेलं काहीतरी. बाव्हांनी १९६४ च्या ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सिनो’मध्ये एका फॅशन हाउसात हा घाट जवळजवळ पुरा केला. १९७० मध्ये दारिओ आर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट आला आणि या प्रकाराची लाटच उसळली.

त्या पहिल्या चित्रपटातला एक प्रसंग मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला दाखवतो. रोममधला एक अमेरिकन लेखक रात्री एका कलादालनासमोरून जात असतो. आत झटापट चाललेली दिसते. तो धावत आत शिरतो आणि दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो. पलीकडे एक बाई रक्ताळलेली पडली आहे, तो तिला बघू शकतो, पण तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही आणि त्याचा आवाज बाहेरही जात नाही. काच सगळं दाखवते आणि आवाज अडवते. बघणं आणि समजणं यांच्यामधली ती काच हाच या प्रकाराचा गाभा आहे. कात्ते आणि फोर्झानी यांनी तो गाभा उचलला, फक्त काचेची दिशा उलटी केली. त्यांच्या चित्रपटात दिसतं फार थोडं, पण आवाज पूर्ण आत येतो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. ‘आमेर’चं चित्रीकरण करताना आवाज ध्वनिमुद्रित करायचा हा बेतच नव्हता. चित्रं आधी घेतली आणि आवाज नंतर, अगदी शून्यातून उभा केला. दार, श्वास, केस, पाणी, कापड, वारा, सगळं स्टुडिओत. आजच्या युरोपात हे विचित्र वाटेल. पण इटलीत पूर्वी हीच रीत होती. १९३० च्या दशकात तिथल्या फॅसिस्ट सरकारने परदेशी चित्रपट इटालियन भाषेतच दाखवायची सक्ती केली, त्यातून डबिंगचा मोठा धंदा उभा राहिला आणि युद्धानंतर स्वतःचे चित्रपटही तसेच होत राहिले. एका चौकटीत एक नट इंग्रजीत बोलतोय, दुसरा इटालियनमध्ये, तिसरी फ्रेंचमध्ये, आणि नंतर सगळ्यांना एकाच भाषेचा आवाज मिळतोय, असं सर्रास चालायचं. जुने जाल्लो बघताना ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे वाटतात ते यामुळे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हिंदी-मराठीतही कितीतरी वर्षं कॅमेरा इतका खडखडायचा की सेटवरचा आवाज फक्त पायलट, म्हणजे डबिंगच्या वेळी ऐकायची कच्ची नोंद, म्हणून घ्यायचा आणि सगळं नंतर डब करायचं. २००१ च्या ‘लगान’नंतर सिंक साउंडची, म्हणजे सेटवरचाच आवाज चित्रपटात वापरण्याची, पुन्हा चर्चा सुरू झाली, तोवर आम्ही सगळे डबिंगवरच वाढलो. तेव्हा आम्ही त्याला अडचण समजायचो. माझ्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ फोली कलाकारांनी मला समजावलं होतं की पावलाचा आवाज पायाचा नसतो, जमिनीचा असतो. आधी ठरव, माणूस कशावर उभा आहे. मी ते तंत्र म्हणून पाठ केलं. ‘आमेर’ पाहिल्यावर त्याचा पुरा अर्थ उमगला. सेटवरचा आवाज जे होतं ते सांगतो. नंतर बनवलेला आवाज जे जाणवलं ते सांगू शकतो. ज्या गोष्टीत नायिकेला घटनेपेक्षा जाणीवच जास्त आहे, तिच्यासाठी दुसरा रस्ता नव्हताच.

हे कसं घडतं ते उदाहरणाने सांगतो. हातमोज्याचा शॉट घ्या. चामड्याचा काळा हातमोजा मुठीत आवळला जातो. खऱ्या खोलीत, सहा फुटांवर उभं राहून, हा आवाज तुम्हाला ऐकूही येणार नाही. फोलीत आपण थोडं कडक पडलेलं जुनं चामडं घेतो, कारण नवं मऊ चामडं बोलत नाही. माइक चार बोटांवर ठेवतो आणि चामडं सावकाश पिळतो. आता दोन गोष्टी होतात. करकरीचे सगळे बारीक कंगोरे, तो तीक्ष्ण वरचा पट्टा, कानात शिरतो. आणि खोलीची गुंज त्यात अजिबात नसते. आपला कान अंतर ओळखतो ते सरळ आलेला आवाज आणि भिंतींवर आपटून आलेला आवाज यांच्या प्रमाणावरून. भिंतींचा आवाज नाहीच म्हटल्यावर मेंदू ठरवतो की ही वस्तू माझ्या कानाशी आहे, किंवा माझ्याच हातात आहे. पडद्यावर हातमोजा कोणाचाही असो, करकर तुमच्या डोक्यात होते. कॅमेरासुद्धा तेच करतोय: डोळ्याची बाहुली, मानेवरचा घाम, ओठाला चिकटलेला केस, इतक्या जवळून की खोली दिसतच नाही. जवळचं चित्र आणि जवळचा आवाज एकाच क्षणी आले की मेंदू त्यांची एकच गोष्ट करून टाकतो. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी या जोडाला ‘सिंक्रेसिस’ असं नाव दिलंय. आम्ही थिएटरात नुसतं ‘बसला’ म्हणतो.

या बसण्यावरच ‘आमेर’ची अर्धी भीती उभी आहे. आवाज थोडा मोठा, थोडा कोरडा, थोडा जास्त वेळ टिकणारा ठेवला की नेहमीची वस्तू अनोळखी होते. फणी केसांतून जाते आणि एखादं दात असलेलं जनावर सरकल्यासारखं वाटतं. इतकं जवळून ऐकायची आपल्या कानाला सवय नसते. लहानपणी मात्र असते. रात्री उशीवर कान ठेवला की स्वतःच्याच नाडीचा ठोका जिन्यावरच्या पावलांसारखा ऐकू येतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं.

रंगांबद्दल एवढंच: पहिल्या भागात खोली लाल होते, मग निळी, मग हिरवी, आणि त्याला दिव्याचं किंवा खिडकीचं कारण नाही. हे बाव्हांकडून आणि आर्जेंतोंच्या १९७७ च्या ‘सुस्पिरिया’कडून आलं. ‘सुस्पिरिया’ लुचानो तोव्होलींनी चित्रित केला आणि त्याच्या प्रती टेक्निकलरच्या जुन्या डाय-ट्रान्सफर पद्धतीने, म्हणजे फिल्मवर एकेक रंग छापून, काढल्या, म्हणून तो लाल रंग पडद्यावरून ओघळेल की काय असा वाटतो. ‘आमेर’मध्ये रंग मुलीच्या भीतीच्या चढउताराप्रमाणे बदलतात. छायालेखनाबद्दल माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे बरेच आहेत, मी इथेच थांबतो.

दुसरा भाग उन्हातला आहे. आई आणि वयात आलेली आना डोंगरावरच्या घरून गावात उतरतात. आईला केशभूषेच्या दुकानात जायचंय. घडतं फारसं काही नाही. गावातली माणसं बघतात, मुलीला ते बघणं कळू लागतं, आणि आईला आपलं वय कळू लागतं. शेवटी एक थप्पड बसते. मला हा भाग पहिल्यांदा सर्वांत कमी आवडला होता. पुन्हा ऐकल्यावर लक्षात आलं की अख्ख्या भागात आई आणि मुलगी यांच्यामधली जागा आवाजाने मोजली आहे: दोघींच्या पावलांची लय जुळते, मग तुटते, मग एकीचीच राहते. थपडेचा आवाज इतका मोठा का, याचं उत्तर त्या तुटलेल्या लयीत आहे. मराठी घरांत वाढलेल्या बायकांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे. माझ्या बहिणीने तो पाहिला आणि एवढंच म्हणाली, आईला आरशात काय दिसलं ते मुलीला मोजावं लागलं.

तिसऱ्या भागात आना रेल्वेने परतते आणि टॅक्सी करून हवेलीकडे निघते. टॅक्सीवाल्याच्या हातांत चामड्याचे हातमोजे आहेत. स्टिअरिंगवर चामडं करकरतं, खिडकीतून वारा येतो, सीट अंगाला चिकटते, आरशात दोन डोळे दिसतात. कोणी कोणाला धमकावत नाही. जाल्लो पाहिलेला प्रेक्षक हातमोजे पाहिल्याबरोबर समजतो की हा खुनी. जाल्लो न पाहिलेला प्रेक्षक फक्त आनाची अस्वस्थता ऐकतो. माझ्या मते दुसऱ्या प्रेक्षकाचं ऐकणं अधिक खरं आहे, कारण चित्रपट हाच प्रश्न विचारतोय: ही भीती बाहेरून येतेय की आनाने बरोबर आणलीय? रात्र झाल्यावर बागेत, ओसाड घरात, वस्तऱ्यासह जे होतं ते मी सांगत नाही. वस्तऱ्याचा एक प्रसंग खरोखर सहन होत नाही, मला आजही होत नाही, आणि तोही मुख्यतः आवाजामुळे. हा मोठ्यांचा चित्रपट आहे, घरात मुलं असताना लावू नका.

खून कोण करतंय, असं तुम्ही विचारलंत. शेवट सांगायचा नाही म्हणून आडून सांगतो. जुन्या जाल्लोत शेवटच्या दहा मिनिटांत हातमोजे उतरतात, चेहरा दिसतो आणि लहानपणची एखादी जखम कारण म्हणून पुढे येते. इथे चित्रपटाने ती जखम आधीच, पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण दाखवलेली आहे. त्यामुळे शेवटी उलगडायचं शिल्लक राहतं ते वेगळंच. तिसऱ्या भागात काळ्या आकृतीचा प्रत्येक आवाज ऐका आणि स्वतःला विचारा, हा मी पहिल्या भागात कुठे ऐकलाय? काही ना काही सापडेल. माझं स्वतःचं उत्तर तसंच तयार झालं.

आता नक्कल. हा आरोप मी हलका मानत नाही, कारण या चित्रपटात उसनवारी खूप आहे आणि संगीत तर सरळ उचललेलं आहे. स्तेल्व्हिओ चिप्रियानी, ब्रुनो निकोलाय, एन्निओ मोरिकोने यांनी १९७० च्या दशकातल्या इटालियन चित्रपटांसाठी केलेल्या रचना इथे पुन्हा वाजतात. नवं पार्श्वसंगीत करून घेतलेलंच नाही. मला वाटतं, एक-दोन जागी हे अंगावर येतं. संगीत सुरू झालं की तोवर कानाशी असलेला सगळा खासगी आवाज एकदम सार्वजनिक होतो, कोणाची तरी आठवण वाजायला लागते. मी एडिटिंगला असतो तर त्यातला एक तुकडा काढायचा हट्ट धरला असता. तिसऱ्या भागाचा शेवटही लांबलाय. बागेतला पाठलाग दुसऱ्यांदा वळतो तेव्हा भीती पातळ होते.

तरीही मी याला नक्कल म्हणणार नाही, आणि त्याचं कारण नजरेत आहे. जुन्या जाल्लोत कॅमेरा बहुतेक वेळा खुन्याच्या डोळ्यांत बसतो. हातमोजे आपले असतात, समोर बाई असते, आणि ती घाबरते ते आपल्यापुढे. आर्जेंतोंच्या चित्रपटांत पडद्यावरचे ते काळे हातमोजे अनेकदा खुद्द त्यांच्याच हातांवर असत, हे त्यांनी कधी लपवलं नाही. यातले काही प्रसंग घडणीच्या दृष्टीने अप्रतिम आहेत आणि मी ते पुन्हापुन्हा बघतो. पण त्यांत बाई बघण्याची वस्तू आहे, हे खरंच आहे. ‘आमेर’ने तीच हत्यारं घेतली, म्हणजे डोळ्याचा क्लोजअप, हातमोजा, वस्तरा, रंगीत दिवे, आणि ती त्या बाईच्या कातडीच्या आतून वापरली. बघितलं जाणं कसं वाटतं, हे इथे आतून ऐकू येतं. दोन दिग्दर्शकांपैकी एक बाई आहे, याचा त्यात वाटा असणार असं मी धरतो. आपल्या गायकीत घराण्याची बंदिश तीच असते. गाणारा ती कुठल्या सुरावर थांबवतो यावर त्याचं गाणं ठरतं, आणि कोणी त्याला नक्कल म्हणत नाही. ‘आमेर’ जिथे थांबतो तिथे कोणताही जुना जाल्लो थांबला नव्हता. क्वेंतिन तारांतिनोंनी २०१० च्या आपल्या आवडत्या चित्रपटांत याचं नाव घेतलं होतं. उसनवारी ओळखण्यात त्या माणसाचा हात धरणारे थोडे.

जुने चित्रपट पाहिलेच पाहिजेत का? नाही. पण वीस मिनिटं काढता आली तर बाव्हांचा ‘पाण्याचा थेंब’ बघा, आणि तो इटालियन आवृत्तीतच बघा. अमेरिकेत प्रदर्शित करताना वितरकांनी त्या चित्रपटाचं संगीत बदललं, गोष्टींचा क्रमही बदलला. क्रम बदललेला एकवेळ चालेल, पण मूळ संगीताच्या जागी दुसरंच वाजायला लागलं की थेंबांमधली शांतता मारली जाते. त्यानंतर ‘आमेर’ पुन्हा लावा, तुम्हाला पाहुणा वाटणार नाही. याच दोघांचं पुढचं काम बघायचं असेल तर २०१३ चा ब्रसेल्समधल्या आर्ट नूव्हो (वेलबुट्टीदार, वळणदार नक्षीच्या शैलीतल्या) घरांत घडणारा चित्रपट अधिक गुंतागुंतीचा आहे, मला तो थकवतो. २०२५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत दाखवलेला त्यांचा चित्रपट पुन्हा त्याच किनाऱ्यावर परतला आहे, आणि तिथे जुन्या हेरपटांशी खेळ आहे. फ्रेंचमध्ये जाल्लोला साद घालणारं दुसरं मोठं नाव म्हणजे यान गोन्झालेझ यांचा २०१८ चा ‘अँ कूतो दाँ ल कर’. तो १९७९ च्या पॅरिसमध्ये घडतो, व्हानेसा पारादी त्यात आहे, आणि तिथे भावना उघड्या आहेत, संवादही भरपूर. संवादांशिवाय तुम्हाला फारच अवघड गेलं असेल तर आधी तो बघून मग ‘आमेर’कडे वळलात तरी हरकत नाही.

एक काम सुचवतो. पुढच्या वेळी ‘आमेर’ मोठ्या टीव्हीच्या स्पीकरवर लावू नका. चांगले हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारे. पंखा बंद करा. लहान-मोठे आवाज समान करणारी काही सेटिंग चालू असेल तर ती काढा, नाहीतर श्वास आणि थप्पड एकाच उंचीवर येतील आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. पहिला भाग एकदा डोळे मिटून ऐका, पंचवीसएक मिनिटांचाच आहे. घड्याळ केव्हा वाजायला लागतं, केव्हा थांबतं आणि थांबल्यावर त्याची जागा कोण घेतं, हे तीनच प्रश्न मनात ठेवा. मग डोळे उघडे ठेवून पूर्ण चित्रपट बघा, आणि टॅक्सीच्या प्रसंगात स्टिअरिंगची करकर आली की पुन्हा क्षणभर डोळे मिटा. तुम्हाला कोणती खोली आठवली ते मला जरूर लिहा. मला दरवेळी आजोळचं माजघर आठवतं.